एका मिलिमीटरची ढिलाई : बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडे किंवा सांगलीच्या तासगाव पट्ट्यात द्राक्षबागेच्या दोन ओळींमध्ये साधारण ८ ते १० फूट अंतर असतं. वर वाय मांडवाचे हात दोन्हीकडून पुढे आलेले, त्यांवर तारा आणि ओलांडे, खाली ठिबकच्या नळ्या. या बोळातून १५ ते २५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर मागे पाण्याने भरलेला फवारणीचा ब्लोअर घेऊन जातो. ओळ संपली की बांधालगतच्या अरुंद पट्टीत तो पूर्ण वळतो आणि दुसऱ्या ओळीत शिरतो. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. ओळींत ९ फूट अंतर आणि ओळीची लांबी २०० फूट धरली, तर एकरात २४ ओळी बसतात. म्हणजे पाच एकरांच्या बागेत एका फवारणीत सव्वाशेच्या घरात वळणं, तीही बहुतेक स्टेअरिंग शेवटपर्यंत कापून. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांच्या भीतीने फवारण्यांचा जो सिलसिला सुरू होतो, तो मणी तयार होईपर्यंत थांबत नाही. मोठ्या रानात नांगरणारा ट्रॅक्टर लांब सरळ तास मारतो. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचं आयुष्य मात्र वळण्यात जातं.

हा सगळा भार काही बॉल जॉइंट, दोन उभ्या खुंट्या आणि चार-सहा बुशांवर येतो. महिंद्रा युवराज २१५ सारखा १५ अश्वशक्तीचा एका सिलिंडरचा ट्रॅक्टर असो, बंगळुरूच्या व्हीएसटीचा असो, राजकोटच्या कॅप्टनचा असो किंवा कुबोटाचा, बोनेटखालून पुढच्या चाकांपर्यंत जाणारी ही साखळी थोड्याफार फरकाने सारखीच आहे. इंजिनाच्या आवाजाकडे, गिअरकडे, हायड्रॉलिककडे मालकाचं लक्ष असतं. स्टेअरिंगचे भाग मात्र चिखलात दडलेले असतात आणि झिजतानाही ते गुपचूप झिजतात. माझ्या मते संपूर्ण ट्रॅक्टरमध्ये इतक्या थोड्या धातूवर इतकी मोठी जबाबदारी टाकलेली दुसरी जागा नाही.

पॉवर स्टेअरिंग नसलेल्या ट्रॅक्टरपासून सुरुवात करू. हातातल्या चाकाचा दांडा खाली स्टेअरिंग बॉक्समध्ये उतरतो. बॉक्समध्ये वर्म म्हणजे आटे पाडलेला दंड असतो. तो फिरला की त्याच्याशी जुळलेला दातेरी तुकडा थोडासा वळतो. बऱ्याच बॉक्समध्ये या दोघांच्या मध्ये पोलादी गोळ्यांची एक रांग फिरती ठेवलेली असते, म्हणजे घासण्याऐवजी गडगडत काम होतं. अमेरिकेतल्या सॅगिनॉ कारखान्याची ही रचना १९४० च्या कॅडिलॅक मोटारींत आली आणि पुढे ट्रक-ट्रॅक्टरांत सर्वत्र पसरली. बॉक्समधून बाहेर येतो तो ड्रॉप आर्म. त्याच्या टोकाला ड्रॅग लिंक, तिच्या दुसऱ्या टोकाला एका चाकाचा स्टेअरिंग आर्म. त्या चाकाची हालचाल टाय रॉड दुसऱ्या चाकापर्यंत नेतो. काही ट्रॅक्टरांत टाय रॉड नसतो, बॉक्सच्या दोन्ही बाजूंना ड्रॉप आर्म असतात आणि दोन ड्रॅग लिंका आपापल्या चाकाला ढकलतात. प्रत्येक चाक ज्या तुकड्यावर बसवलेलं असतं त्याला स्टब एक्सल म्हणतात. त्याची उभी खुंटी पुढच्या आसाच्या टोकाला बुशांमध्ये फिरते आणि तिच्याखाली किंवा वर एक थ्रस्ट बेअरिंग ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाचं वजन पेलतं. शिवाय अख्खा आस मधोमध एका जाड सेंटर पिनवर डोलतो, म्हणूनच एक चाक वरंब्यावर आणि एक सरीत असलं तरी चारही चाकं जमिनीला टेकलेली राहतात.

ही दोन पुढची चाकं सारखी वळत नाहीत, हे मुद्दाम पाहण्यासारखं आहे. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळ काढतं, बाहेरचं मोठं. दोन्हींनी जमीन न खरवडता फिरायचं, तर आतल्या चाकाने जास्त कोनात वळायला हवं. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये दीड मीटर आणि दोन खुंट्यांमध्ये पाऊण मीटर अंतर असलेला ट्रॅक्टर घ्या. आतलं चाक ४० अंश वळलं, तर बाहेरच्याने साधारण ३१ अंशच वळायला हवं. हा नऊ अंशांचा फरक सांभाळायला कुठला वेगळा यंत्रभाग नाही. स्टेअरिंग आर्म सरळ मागे न जाता थोडे आत झुकलेले असतात, एवढ्यावर काम भागतं. हे झुकलेले आर्म, पुढचा आस आणि टाय रॉड मिळून एक समलंब चौकोन होतो आणि चौकोनच हिशेब करतो.

या कल्पनेचा इतिहास घोडागाड्यांचा आहे. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर होते आणि रुग्णांना पाहायला खराब रस्त्यांवरून गाडीतून सतत फिरत. गाडीचा अख्खा पुढचा आस वळवला की गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, हे पाहून त्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यातच दोन चाकं वेगवेगळ्या खुंट्यांवर वळवण्याची रचना आखली होती. म्युनिकचे गाडी-कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी ती १८१७ च्या सुमारास पुन्हा स्वतंत्रपणे बनवली. लंडनमध्ये त्यांचे प्रतिनिधी होते रुडॉल्फ आकरमान, चित्रं आणि सचित्र पुस्तकं प्रसिद्ध करणारे प्रकाशक. त्यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं आणि नाव त्यांचंच चिकटलं. पॅरिसचे शार्ल जाँतो यांनी १८७८ मध्ये आर्म किती झुकवायचे याचा व्यवहारी नियम दिला : दोन्ही आर्मांच्या रेषा मागे वाढवल्या तर त्या मागच्या आसाच्या मध्याजवळ मिळाव्यात. तासगावच्या मातीत आज वळणाऱ्या चाकांमध्ये तोच नियम आहे, आणि हे जाणवलं की एखादा वाकडा झालेला स्टेअरिंग आर्म हातोडीने अंदाजे सरळ करून पुन्हा बसवण्याचा धीर होत नाही.

आता ढिलाईचा हिशेब मांडू. समजा स्टेअरिंग आर्म १५ सेंटिमीटर लांब आहे आणि ड्रॉप आर्मही तेवढाच. साखळीतल्या एका बॉल जॉइंटमध्ये १ मिलिमीटर ढिलाई आली. तेवढ्याने चाकाचा कोन अनिश्चित होतो तो अर्ध्या अंशाहूनही कमी, साधारण ०.४ अंश. पण स्टेअरिंग बॉक्सचं प्रमाण १६ ला १ धरलं, तर ही ढिलाई वर हातातल्या चाकावर सहा अंश होऊन पोचते. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेला हे अंतर भरतं २ सेंटिमीटर. डोळ्यांना जॉइंटमध्ये न दिसणारा एक मिलिमीटर हाताला वीस मिलिमीटर होऊन कळतो. ड्रॅग लिंकचे दोन, टाय रॉडचे दोन असे चार जॉइंट एकेका मिलिमीटरने सैल झाले आणि खुंटीचे बुशही घासले, तर स्टेअरिंग जवळजवळ अर्धी वीत फिरवल्याशिवाय चाकं हलत नाहीत.

छोट्या ट्रॅक्टरांच्या पुस्तकांत स्टेअरिंगच्या कडेला २० ते ५० मिलिमीटर प्ले म्हणजे ढिलाई चालेल, असं साधारण लिहिलेलं असतं. आपल्या ट्रॅक्टरचा आकडा त्याच्या पुस्तकातच पाहावा. अडचण अशी की ड्रायव्हरचा हात रोज थोडं थोडं जुळवून घेतो. आज दोन बोटं जास्त फिरवावं लागलं, हे त्याच्या लक्षातही येत नाही. त्यातून मागे जड ब्लोअर किंवा रोटाव्हेटर उचललेला असेल तर पुढचा भाग हलका होतो, स्टेअरिंग लोण्यासारखं फिरतं आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. त्यामुळे स्टेअरिंग तपासायचं ते अवजार खाली टेकवून किंवा काढून ठेवून.

झीज होते कशी? बॉल जॉइंट म्हणजे कडक केलेल्या पोलादाचा गोळा आणि त्याच्याभोवतीची वाटी. मध्ये ग्रीसचा पातळ थर, बाहेरून रबरी बूट. जोवर बूट धड आहे आणि आत ग्रीस आहे, तोवर हा सांधा वर्षानुवर्षं टिकतो. बूट उन्हाने, तेलाने किंवा तारेला घासून चिरला की माती आत जाते, ग्रीसमध्ये मिसळते आणि वंगणाचीच घासणारी पेस्ट होते. आपली काळी माती बेसाल्ट खडक कुजून झालेली. तिच्यातला चिकण भाग मऊ असला तरी सोबत न कुजलेल्या खडकाचे बारीक कण असतात. बेसाल्टमधल्या फेल्डस्पारची कठिणता मोह्‌सच्या मोजपट्टीवर ६ आहे, आणि ज्या तांबट मिश्रधातूचे बुश असतात तो ३ च्या आसपास. फेल्डस्पारचा कण बुशात सहज रुततो आणि तिथे बसून खुंटीला कोरत राहतो.

बागेत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे मोरचूद. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि कळीचा चुना असतो. फ्रान्सच्या बोर्डो भागात प्येर-मारी-आलेक्सी मियार्दे यांनी १८८५ मध्ये डाऊनीवरचा त्याचा उपयोग जगापुढे आणला. चुना पुरेसा असेल तर द्रावण उदासीन राहतं. कमी पडला तर मोकळं मोरचूद लोखंडाशी अभिक्रिया करतं : तांबं लोखंडावर चढतं आणि लोखंड विरघळतं. म्हणून तर बागायतदार मिश्रण तयार झालं का, हे पाहायला त्यात विळा किंवा खिळा बुडवतात आणि त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालतात. हीच परीक्षा, कुणी न घेता, टाय रॉडच्या आट्यांवर आणि लॉक नटावर रोज चालू असते. गंजून धरलेला लॉक नट पुढे पान्याला दाद देत नाही आणि मग गॅस कटर येतो. फवारणी झाली की ब्लोअर धुतात, तसा ट्रॅक्टरचा पुढचा आसही स्वच्छ पाण्याने धुवावा. प्रेशर पंपाची धार मात्र थेट रबरी बुटावर किंवा ऑइल सीलवर मारू नये, पाणी आत घुसतं. धुऊन झाल्यावर ग्रीस भरावं म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जातं.

ग्रीस निप्पल हा भाग हरभऱ्याएवढा आणि किमतीला नगण्य, पण त्यात एक पूर्ण झडप आहे. आत स्प्रिंगवर बसलेली पोलादी गोळी, ग्रीस गनच्या दाबाने ती आत सरकते, दाब गेला की भोक बंद करते. आजच्या निप्पलचा आकार व्हिएन्नात जन्मलेल्या ऑस्कर झर्क या संशोधकाच्या नावाने ओळखला जातो, त्याचं अमेरिकी पेटंट १९२९ चं. हा तुकडा येण्याआधी ग्रीस कपची टोपी पिळून किंवा तेलाचे थेंब सोडून सांधे ओले ठेवावे लागत. कंपन्यांच्या पुस्तकांत दर ५० तासांनी ग्रीस लिहिलेलं आढळतं. चिखलात किंवा रोज फवारणी असताना तेवढं थांबू नये, दिवसाआड गन लावावी. निप्पल आधी कापडाने पुसावा, नाहीतर त्याच्या डोक्यावरची मातीच आपण दाबाने आत भरतो. खुंटीच्या बुशात ग्रीस भरताना चाक जॅकवर उचललेलं असेल तर फार बरं. वजन खाली असताना थ्रस्ट बेअरिंगचे पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात आणि ग्रीस त्यांच्यामध्ये शिरत नाही. उचललं की फट मोकळी होते, जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येतं आणि नवं दिसायला लागलं की थांबावं. निप्पल ग्रीस घेत नसेल तर ती तक्रार गंभीर मानावी. निप्पल बंद झाला असेल तर बदलला की झालं, पण आतल्या बुशाची वाट बुजली असेल तर तो सांधा कोरडा चालला आहे.

तपासणीला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागतात. इंजिन बंद, किल्ली काढलेली, मागच्या चाकांना ठोकळे. ट्रॅक्टर जमिनीवरच ठेवून एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, चाकं वळतील इतकं नाही. दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटं ठेवत जायचं. जिथे दांडी हलते आणि तिला जोडलेला आर्म हलत नाही, तिथे ढिलाई आहे. डोळ्यांपेक्षा बोटांना हे लवकर कळतं. मग आस जॅकवर घेऊन खाली भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबून खाली हात घालणं म्हणजे जीव टांगणीला लावणं आहे. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं, तर दोष दोन ठिकाणी असू शकतो. हब स्टब एक्सलवर हलतोय, तर चाकाचं टेपर बेअरिंग सैल आहे. स्टब एक्सलच आसाच्या टोकात हलतोय, तर खुंटीचे बुश गेले. चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं की टाय रॉड एंडची, म्हणजे टाय रॉडच्या टोकाच्या बॉल जॉइंटची ढिलाई दिसते. शेवटी आसाच्या मध्याखाली पहार लावून आस पुढे-मागे सरकतो का पाहावं, सेंटर पिन आणि तिचे बुश हे सगळ्यात विसरले जाणारे भाग आहेत. सेंटर पिन ढिली असेल तर स्टेअरिंगचे सगळे सांधे नवे टाकूनही ट्रॅक्टर रस्त्यावर डुलतच राहतो आणि मालक वैतागून नव्या पार्टला दोष देतो.

बॉल जॉइंट दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो. त्याचा खुंट आर्मच्या भोकात निमुळता बसतो आणि ही निमुळती बैठकच सगळी ताकद पेलते. वरचा दातेरी नट फक्त बैठक घट्ट धरून ठेवतो. म्हणूनच नट काढल्यावरही जॉइंट सुटत नाही. नटासकट वरून हातोडा मारला तर आटे चेपतात. जुने फिटर आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवतात आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याचा सणसणीत घाव घालतात. डोळा क्षणभर ताणला जातो आणि खुंट सुटतो. पुलर असेल तर तो सर्वांत चांगला. फाट्याच्या आकाराची पाचर वापरली तर रबरी बूट फाटतो, त्यामुळे ती फक्त टाकून द्यायच्या जॉइंटला लावावी.

जुना एंड दांडीतून काढण्याआधी लॉक नट किंचित सैल करून त्याची जागा तशीच ठेवावी आणि एंड किती आटे फिरून बाहेर आला हे मोजावं. नवा तेवढेच आटे आत घातला की चाकांची रेषा निदान जवळपास जागेवर येते. अनेक टाय रॉडांना एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात, म्हणजे एंड न काढता नुसती दांडी फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. एंड विकत घेताना हे पाहिलं नाही तर दुकानाची दुसरी फेरी ठरलेली. निमुळती बैठक कोरडी आणि स्वच्छ हवी, तिला ग्रीस लावायचं नाही. नट पुस्तकातल्या टॉर्कने आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर नट पुढेच आवळावा, मागे कधीही फिरवू नये. स्प्लिट पिन नवी वापरावी. खिळा किंवा तारेचा तुकडा तिच्या जागी घातलेला मी अनेक ट्रॅक्टरांवर पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ झालो आहे. तो नट सुटला तर एक चाक आपल्या मनाने वळतं. रस्त्यावर ट्रॉलीत माणसं असताना असं झालं, तर काय होईल याचा विचार त्या खिळ्यापाशी थांबून करावा.

खुंटीचे बुश बदलणं हे थोडं मोठं काम. चाक काढून स्टेअरिंग आर्म सोडवला की स्टब एक्सल खाली उतरतो, त्यामुळे त्याला आधीच हाताचा किंवा ठोकळ्याचा आधार हवा. जुने बुश पायरीच्या पंचने ठोकून काढतात. नवा बुश ठोकण्याऐवजी प्रेसने किंवा लांब बोल्ट आणि वॉशर वापरून ओढून बसवावा, म्हणजे त्याचं तोंड फुलत नाही. ज्या मॉडेलचे पार्ट मिळत नाहीत त्यांचे बुश लेथवर गनमेटलमध्ये करून मिळतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर ऑइल इंजिनांच्या काळापासून अशा कामाचा हात तयार झालेला आहे. पण दोन गोष्टी कारागिराला सांगाव्या लागतात. एक, बुशातलं ग्रीसचं भोक निप्पलच्या भोकासमोरच यायला हवं. चतकोर इंचाने चुकलं तरी निप्पलमधून कितीही दाबा, थेंब आत जाणार नाही आणि नवा बुश एका हंगामात संपेल. दुसरी, बसवल्यावर बुश थोडा आक्रसतो, तेव्हा आतून रीमरने मापात आणावा लागतो. खुंटी हाताने फिरेल पण डुगडुगणार नाही इतपत. थ्रस्ट बेअरिंग उलटं बसवण्याची चूकही सर्रास होते. त्याचं झाकण वरच्या बाजूला हवं, नाहीतर वरून पडणारी माती सरळ गोळ्यांत जाते.

इथे एक तत्त्व ध्यानात येतं. बुश मऊ आहे तो कंजुषीमुळे नाही. खुंटी आणि आस ही महाग, जड, घडीव कामं आहेत. झीज व्हायचीच तर ती शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूची व्हावी, म्हणून मऊ धातू मुद्दाम मध्ये घातला आहे. बुश वेळेत बदलला नाही की खुंटीच पैलू पडल्यासारखी घासते, आसाचं भोक अंडाकृती होतं आणि मग बोअरिंग करून स्लीव्ह घालण्याशिवाय इलाज नसतो.

स्टेअरिंग बॉक्समध्ये बहुधा ९० नंबरचं गिअर ऑइल असतं. ते वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही आणि खालच्या सीलमधून थेंबथेंब गळून बॉक्स कोरडा पडतो. बॉक्सच्या झाकणावर लॉक नटासकट एक स्क्रू असतो. तो आवळला की वर्म आणि दातेरी तुकडा जवळ येऊन ढिलाई कमी होते. मात्र ही जुळवणी चाकं सरळ असतानाच करायची. बॉक्स मुद्दाम मधल्या जागी सर्वांत घट्ट बनवलेला असतो, कारण तिथेच तो सर्वाधिक वेळ असतो आणि तिथेच जास्त झिजतो. मधल्या झिजलेल्या जागेची ढिलाई पूर्ण शून्य करायला गेलं, तर कापलेल्या स्टेअरिंगवर बॉक्स अडकतो आणि सरळ व्हायला तयार होत नाही. बाकीचे सांधे तपासण्याआधी हा स्क्रू आवळणं ही गॅरेजमधली सर्वांत सोपी आणि सर्वांत चुकीची दुरुस्ती आहे.

वेल्डिंगबद्दल मला ठाम बोलायचं आहे. ड्रॉप आर्म, स्टेअरिंग आर्म, स्टब एक्सल, टाय रॉड हे भाग घडवून उष्णतेने विशिष्ट गुणाला आणलेले असतात. त्यांवर वेल्डिंग केलं की शेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि तडा तिथूनच जातो, तोही पूर्वसूचना न देता. गावात वेळेला पार्ट मिळत नाही, छाटणी डोक्यावर असते, हे मान्य आहे. तरी तडा गेलेला स्टेअरिंग आर्म बदलेपर्यंत ट्रॅक्टर उभा ठेवावा. ट्रॅक्टरच्या दुसऱ्या कुठल्या भागावर वेल्डिंग करतानाही अर्थचा चिमटा त्या जागेच्या अगदी जवळ लावावा. करंट बॉल जॉइंट आणि बेअरिंगमधून गेला तर आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पडतात आणि नवं बेअरिंगही खरखरू लागतं.

पॉवर स्टेअरिंग आता छोट्या ट्रॅक्टरांतही येऊ लागलं आहे. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाउनमध्ये सादर केलेली ओजा ही जपानी भागीदारासोबत विकसित केलेली हलक्या ट्रॅक्टरांची मालिका त्याचं उदाहरण. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्येच मोटारीवर हायड्रॉलिक मदतीचं स्टेअरिंग चालवून दाखवलं होतं. ट्रॅक्टरांत मात्र जी पद्धत रुजली तिच्यात बॉक्स आणि ड्रॉप आर्म नाहीतच. स्टेअरिंगच्या दांड्याखाली एक युनिट असतं. त्यात बाहेरच्या दातेरी कड्यात एक दात कमी असलेला तारा फिरतो आणि आपण जितकं फिरवू तितकंच मोजून तेल आसावरच्या सिलिंडरला पाठवतो. ताऱ्याच्या या हालचालीवर अमेरिकेतल्या लिन चार्लसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात केलेल्या कामातून ही यंत्रं उभी राहिली. इंजिन बंद पडलं तर तोच तारा हातपंप होतो, म्हणजे स्टेअरिंग जड होतं पण निकामी होत नाही. ही सोय मला फार मोलाची वाटते.

पण पॉवर स्टेअरिंग झीज लपवतं. तेलाचा दाब जड सांधाही सहज फिरवतो, कोरड्या बुशाची कुरकुर हातापर्यंत पोचतच नाही. टाय रॉड एंड, खुंट्या, सेंटर पिन इथेही आहेतच, म्हणून त्यांची तपासणी इंजिन बंद ठेवून चाकं हाताने हलवून करावी. स्टेअरिंग शेवटपर्यंत कापून धरलं आणि तरी ते हळूहळू फिरतच राहिलं, तर तेल सिलिंडरच्या सीलमधून किंवा युनिटमधून आतल्या आत निसटतंय. नळीला बारीक छिद्र पडल्याची शंका आली तर हात फिरवून पाहू नये. दाबाने सुटलेली तेलाची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते आणि ती जखम दिसायला लहान, परिणामाला भयंकर असते. पुठ्ठा धरून पाहावं.

फोर-व्हील-ड्राइव्हच्या छोट्या ट्रॅक्टरांत पुढच्या चाकांना ताकदही पोचवायची असते. कुबोटासारख्या कंपन्या हे काम बेव्हल गिअरने करतात आणि खुंटी तेलाने भरलेल्या बंद घरातच फिरते. इथे ग्रीसची जागा तेल घेतं आणि लक्ष ठेवायचं ते सीलवर. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांना तर सील हाच जीव. चाकाच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ दिसला, किंवा काढलेलं तेल दुधाळ निघालं, तर पाणी आत गेलं आहे. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त वेगाने फिरवलेली असतात, म्हणून डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून चालवलं की पुढचे टायर घासतात आणि स्टेअरिंगच्या प्रत्येक सांध्यावर विनाकारण ताण येतो.

सगळे भाग बसले की टो-इन. चाकांची पुढची तोंडं मागच्यापेक्षा किंचित जवळ हवीत, कुबोटाच्या छोट्या मॉडेलांत हा आकडा २ ते ८ मिलिमीटर असतो. सपाट जागी ट्रॅक्टर थोडा पुढे नेऊन थांबवायचा, हबच्या उंचीवर दोन्ही टायरांच्या मध्यरेषेला पुढून खडूची खूण करून अंतर घ्यायचं, मग चाकं अर्धा फेरा पुढे जाऊ देऊन त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजायचं. खुणा त्याच असल्यामुळे रिम थोडा वाकडा असला तरी माप फसत नाही. फरक बसला की दोन्ही लॉक नट आवळावेत आणि दोन्ही एंड आपापल्या वाटीत सरळ उभे आहेत ना, पिळले गेले नाहीत ना, हे पाहावं. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत कापून टायर किंवा लिंक कुठे घासत नाही, एवढं बघून घ्यावं. पहिली एक-दोन दिवसांची फवारणी झाली की सगळे नट पुन्हा पाना लावून तपासावेत, कारण नव्या निमुळत्या बैठका भाराखाली थोड्या आत बसतात आणि त्यानंतरच खरा घट्टपणा कळतो. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर जागेवर उभा ठेवून स्टेअरिंग ओढू नये, चाकं हळूहळू गडगडत असतानाच कापावं. उभ्या टायरला जमिनीवर पिळायला लागणारा सगळा जोर याच नव्या सांध्यांतून जातो.